घोडी पुलाशी अडते, परतताना उधळते

ताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही निफाड तालुक्यातले शेतकरी. गेल्या दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेतून सहा वर्षांची कुमाईत (तांबूस-तपकिरी) मारवाडी घोडी आणली. माहेरी आजोबांकडे घोडं होतं, त्यामुळे मला बसायची भीती नाही. पहिले दोन महिने घोडी अगदी सरळ होती. फेब्रुवारी संपता संपता तिने खोड धरली. मळ्यातून कॅनॉलच्या पुलापर्यंत नीट येते आणि पुलाच्या अलीकडे पाय रोवून उभी राहते. टाच मारली तर मागे मागे सरकते, गर्रकन वळते. चाबूक दाखवला तर पुढचे पाय उचलून उभी! आणि एकदा तोंड घराकडे झालं की लगाम ओढून ओढून हात भरून येतात तरी थांबत नाही. मागच्या आठवड्यात तशीच उधळली आणि मी फाटकापाशी पडले. मनगट सुजलंय, डोकंही जरा आपटलं.

घरात रोज नवा सल्ला. दीर म्हणतात, काटेरी लगाम घाला. शेजारचे काका म्हणतात, दोन दिवस उपाशी ठेवा आणि पुलावर नेऊन फोडून काढा, एकदा जिरली की जिरली. सासरे म्हणतात, छातीवरचा भोवरा अशुभ आहे, विकून टाका. एकाने तर घोडी काढून खेचर घ्यायला सांगितलं. बारा वर्षांचा मुलगा तिच्यावर बसायचा हट्ट धरून बसलाय. माझा तिच्यावर फार जीव आहे. घोडी वाईट आहे का? मी काय करू?

— एक वाचक, निफाड तालुका

नमस्कार.

घोडीचं नंतर बघू, आधी तुमचं. पडून आठवडा झाला आणि मनगटाची सूज उतरली नाही, म्हणजे एक्स-रे काढायलाच हवा. मनगटातलं बारीक हाड मोडलं तरी वरून नुसतं मुरगळल्यासारखं वाटतं, आणि ते तसंच राहिलं तर पुढे कायमचा त्रास होऊन बसतो. डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं, उगाच झोप येणं यातलं काही असेल तर आजच डॉक्टरांकडे जा. खरचटलं असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शनही विचारा, कारण या रोगाचे जंतू लिदेत असतात आणि तबेल्याच्या मातीत वर्षानुवर्षं टिकून राहतात. घोडीलाही ही लस लागते, यात्रेतून आणलेल्या जनावराला ती दिलेलीच असेल असं धरून चालू नका. पत्रात हेल्मेटचा कुठे उल्लेख नाही म्हणून मुद्दाम लिहिते: यापुढे घोडेस्वारीचं हेल्मेट घातल्याशिवाय आणि त्याचा पट्टा हनुवटीखाली लावल्याशिवाय रिकिबीत पाय घालायचा नाही. मळ्यातल्या मळ्यात फिरायचं असलं तरी नाही.

आता घोडी. ती वाईट नाही. दोन महिने सरळ चाललेलं जनावर एकाएकी अडायला लागलं, तर मधल्या काळात काहीतरी बदललेलं असतं. ते काय, हे आधी शोधायचं. दुसरी गोष्ट, ते बदललेलं कारण आज नाहीसं झालं तरी घोडी लगेच सुधारणार नाही, कारण पुलाशी अडलं की काय मिळतं हे आता तिला पाठ झालंय. ही दोन वेगळी कामं आहेत आणि ती याच क्रमाने करावी लागतात. घरातले सगळे सल्ले पहिलं काम गाळून थेट दुसऱ्यावर उडी मारतात, तेही चुकीच्या बाजूने.

काटेरी लगामाला माझा साफ नकार आहे. घोड्याचे पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते. लगामाची कडी तिथे उघड्या हिरडीवर आणि जिभेवर बसते. त्या हिरडीची कातडी पातळ, आणि खाली लगेच जबड्याचं हाड, तेही धारेसारखं. साधी गुळगुळीत कडी जड हाताने ओढली तरी तिथे जखम होते, मग काट्यांनी काय होईल ते तुम्हीच बघा. दुखणं पुढून आलं की घोडी मागे सरकते, मागे सरकू दिलं नाही तर वर उठते. आत्ता अर्धी उठणारी घोडी काटेरी लगामाने सरळ उभी राहील आणि एखाद्या दिवशी तोल जाऊन उलटी पडेल. साडेतीनशे-चारशे किलोचं जनावर आणि त्याच्याखाली तुम्ही! उभी राहणारी घोडी आणि कडक लगाम याच्याइतकी धोक्याची जोडी स्वारीत दुसरी नाही. शिवाय १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली १९६५ साली झालेल्या नियमांत काटे किंवा टोकं असलेल्या लगामाला मनाईच आहे. दिरांना हेही सांगा.

उपाशी ठेवण्याचं तर मनातही आणू नका. घोड्याच्या पोटात आम्ल सतत पाझरत असतं, त्याने खाल्लेलं असो वा नसो. मोकळा सोडलेला घोडा दिवसरात्र मिळून पंधरा-सोळा तास चरतो आणि चघळताना सुटणारी लाळ त्या आम्लाचा जोर कमी करते. वैरण तुटली की तेच आम्ल जठराच्या वरच्या भागात जखमा करतं. अशी घोडी तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना कान पाडते, चावायला येते, टाच लागली की चिडते. काकांचा उपाय केलात तर आज नसलेलं एक दुखणं तुम्ही स्वतःच्या हाताने तयार कराल. स्वारीला निघण्याआधीसुद्धा तिला दोन-चार मुठी कोरडी वैरण खाऊ द्यावी, पोटात काहीतरी असू द्यावं. आणि पुलावर नेऊन मारलंत तर घोडी एवढंच शिकेल की पुलावर मार बसतो. उद्या ती पूल दिसायच्या आधीच अडेल.

भोवऱ्याबद्दल सासऱ्यांशी वाद घालू नका. सारंगखेड्याला काय, माळेगावला काय, देवमण (शुभ मानला जाणारा गळ्यावरचा भोवरा) बघून भाव चढतो आणि नको त्या जागचा भोवरा दिसला की गिऱ्हाईक पाठ फिरवतं. पिढ्यानपिढ्या चालत आलेली रीत आहे. पण भोवरा तिच्या अंगावर जन्मापासून आहे, आणि अडणं सुरू झालं फेब्रुवारीत. एवढं त्यांच्यापुढे शांतपणे मांडा.

आता शोध. यासाठी मी एक पद्धत सांगते, ती खर्चाची नाही आणि तुमचं मनगट बरं होईपर्यंत घरातल्या दुसऱ्या शांत माणसाकडून करून घेता येईल. एका सकाळी घोडीला खोगीर नाही, लगाम नाही, नुसती मोरखी (तोंडात कडी नसलेला म्होरका) आणि लांब दोर लावून पुलाकडे चालत न्या. बघा अडते का. दुसऱ्या दिवशी खोगीर चढवून, तंग आवळून तसंच न्या, वर कुणी बसायचं नाही. तिसऱ्या दिवशी लगामही चढवा, पण धरायचा मोरखीचाच दोर. पुढे तुम्ही बऱ्या झालात की वर बसून, बाजूला एकजण चालत. घोडी कुठल्या पायरीवर अडते ते लिहून ठेवा. नुसत्या मोरखीवरसुद्धा पुलाशी थांबत असेल तर भानगड पुलात आहे. मोरखीवर मजेत पूल ओलांडला आणि खोगीर घातल्यावर थांबली, तर पाठ, खोगीर, तंग किंवा पोट. लगाम चढल्यावर बिनसलं तर तोंड. माणूस बसल्यावरच बिनसत असेल तर वजन पडून दुखणारी पाठ, किंवा बसणाऱ्याचा हात आणि टाच. गुरांच्या डॉक्टरांना नुसतं ‘अडते’ म्हणून सांगितलं तर ते तरी काय तपासणार? पायरी सांगितलीत तर त्यांचंही काम सोपं होतं.

डॉक्टर येतील तेव्हा दात मात्र पायरी कुठलीही असली तरी तपासून घ्याच. घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो. त्यामुळे चघळताना वरच्या दाढांची गालाकडची आणि खालच्यांची जिभेकडची कड झिजायची राहते आणि तिला धार चढते. लगाम ओढला की गाल त्या धारेवर दाबला जातो. काही घोड्यांना वरच्या पहिल्या दाढेच्या पुढे एक इवलासा बिनकामाचा दातही असतो आणि कडी त्याच्यावर आपटते. दाढा कानशीने घासून घेण्याचं काम वर्षातून एकदा व्हायला हवं. आपल्याकडे नाल वेळेवर बदलतात, पण दात कुणी बघत नाही, याची मला फार हळहळ वाटते. घोडी वैरणीचे अर्धवट चघळलेले बोळे खाली टाकत असेल, लिदेत आख्खे दाणे दिसत असतील, लगाम चढवताना मान वर उचलत असेल, तर दातांचा संशय पक्का धरा.

पाठ तुम्हाला घरीच बघता येईल. खरारा झाल्यावर कण्याच्या दोन्ही बाजूंनी तळहात दाबत खांद्यापासून कमरेपर्यंत या. घोडी एखाद्या जागी दबली, अंग चोरलं, मागचा पाय उचलला, तर तिथे दुखतंय. रपेटीहून आल्यावर खोगीर काढलं की लगेच पाठीवरचा घाम बघा. खोगिराखाली सगळीकडे सारखा ओलावा हवा. ओल्या पट्ट्यात मध्येच हाताच्या पंजाएवढा कोरडा डाग दिसला, तर तिथे खोगीर जास्त दाबतंय. जुन्या दाबाच्या जागी पांढरे केस येतात, तेही चाचपून बघा. यात्रेतून येताना घोडी प्रवासाने उतरलेली असते आणि घरी येऊन दोन महिन्यांत अंग धरते. खोगीर मात्र तेच राहतं. पहिले दोन महिने ठीक आणि मग बिघाड, याचं उत्तर कधीकधी एवढंच निघतं.

तुमच्या पत्रातल्या ‘फेब्रुवारी संपता संपता’ या शब्दांशी मी थांबले. दिवस मोठे व्हायला लागले की घोडी माजावर यायला सुरुवात होते. साधारण २१ दिवसांचा फेरा, त्यातले ५ ते ७ दिवस माजाचे. या दिवसांत काही घोड्या अंगाला हात लावू देत नाहीत, टाच सहन करत नाहीत. कॅलेंडरवर अडण्याच्या दिवसांना खूण करा. खुणा तीन आठवड्यांच्या अंतराने गटागटाने आल्या, तर डॉक्टरांना दाखवा आणि त्या दिवसांत कामाची अपेक्षा कमी ठेवा. रोज सारखंच अडत असेल तर हे कारण सोडून द्या.

पुलाचंही बघायला हवं. लोखंडी नाल सिमेंटच्या स्लॅबवर घसरते, आणि एकदा पाय सटकलेला घोडा विसरत नाही. मातीच्या रस्त्यावरून स्लॅबवर पाऊल पडलं की टापांचा आवाज पोकळ येतो, खाली पाणी चमकतं. घोड्याच्या डोळ्यांना उजेड-सावलीचा बदल सावकाश झेपतो आणि नाकाच्या खाली, पायांच्या अगदी पुढे काय आहे ते त्याला दिसत नाही. मान खाली सोडून हुंगता आलं तरच त्याला खाली काय आहे ते कळतं. आणि नेमकं त्याच वेळी आपण लगाम आखडून मान वर धरतो. फेब्रुवारीत कॅनॉलला आवर्तन सुटलं होतं का, तेही आठवून बघा. कोरडा कॅनॉल आणि भरून वाहणारा कॅनॉल घोडीच्या लेखी दोन वेगळ्या जागा आहेत.

भाकरी का करपली, घोडा का अडला, पानं का सडली, हे कोडं आपण सगळेच लहानपणी घालत आलो. ‘न फिरवल्याने’ हे उत्तर घोड्यांच्या बाबतीत आजही खरं आहे. तुमच्या पत्रात रोजच्या रपेटीचा कुठे उल्लेख नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षं, कांदा, गहू, सगळी कामं अंगावर येतात. घोडी दोन-दोन दिवस बांधून राहिली का? आणि चंदी (दाण्याचा खुराक) तेवढीच चालू राहिली का? उभ्या घोडीला बाजरी-हरभरा भरपूर आणि काम नाही, तर तिने ते बळ खर्च करायचं कुठे? चारशे किलोच्या घोडीला दिवसाला किमान सहा किलो कोरडी वैरण हवी. चंदी वैरणीवर वरून, आणि कामाच्या हिशेबाने. काम बंद त्या दिवशी चंदी कमी करा, वैरण नाही.

आणखी एक विचारून घ्या, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्यांच्याकडून घेतली त्यांना फोन करून विचारा, घोडीला नाच शिकवलाय का? यात्रेत येणाऱ्या अनेक मारवाडी-काठेवाडी घोड्या वरातीत नाचलेल्या असतात. त्यांना शिकवलेलं असतं की लगाम आखडला आणि अंगाला टाच किंवा छडी लागली, की पुढचे पाय उचलायचे. अशी घोडी पुलाशी भीतीने थांबली, तुम्ही सवयीने लगाम धरून टाच मारली, चाबूक वर केला, तर तिच्या शिकवणीप्रमाणे तुम्ही तिला उभंच राहायला सांगितलं. ती हुकूम पाळतेय आणि तुम्हाला वाटतंय ती उर्मट झाली. असं निघालं तर ‘लगाम सैल, टाच हलकी’ हा नवा इशारा तिला मळ्यातच, पुलापासून लांब, पहिल्यापासून शिकवावा लागेल.

हे सगळं तपासून, दुखणं असेल ते बरं करून झालं की पुलावरचं काम. घोडा मार संपला, ओढ संपली, टाच थांबली, त्या क्षणाला आपण काय करत होतो ते लक्षात ठेवतो. गेले काही आठवडे तुमच्या घोडीचं असं झालंय की ती वळली की टाच थांबते, घर येतं, खोगीर उतरतं, पुढ्यात चंदी येते. अडण्याला याहून मोठं बक्षीस कोणतं? आता हे उलटं करायचं. विसावा पुलाकडे मिळायला हवा आणि काम घराजवळ.

सुरुवात पुन्हा जमिनीवरून, मोरखी आणि लांब दोराने. दोर हाताला गुंडाळायचा नाही, घड्या करून मुठीत धरायचा. चालायचं तिच्या खांद्याजवळून, तोंडासमोर उभं राहायचं नाही. पूल जवळ आला की तिच्याकडे नीट बघत चला. अडण्याच्या बऱ्याच आधी ती सांगते: पाऊल आखडतं, मान चढते, कान पुलावर रोखले जातात (मारवाडी घोडीचे तर टोकाला टोक लावून), श्वास धरून ठेवते. ती जागा ओळखा आणि तिच्या दहा पावलं अलीकडेच थांबा. तिथे नुसतं उभं राहायचं. ओढायचं नाही, पुचकारत पुढे न्यायचंही नाही. थोड्या वेळाने मान खाली येईल, नाकातून लांब फुरफुर करेल, ओठ चाटेल, चघळल्यासारखं करेल. तेव्हा मूठभर लसूणघास तिथेच द्या आणि तुम्ही ठरवून परत फिरा. ती वळली म्हणून नाही, तुम्ही वळवली म्हणून घरी गेली, हा फरक तिला कळतो. दुसऱ्या दिवशी दोन पावलं पुढे. एखाद्या जागी चार-सहा दिवस अडकल्यासारखं वाटेल, वाटू द्या. पुलाच्या तोंडाशी आली की दोर सैल सोडा, हुंगू द्या, एक टाप स्लॅबवर ठेवली तरी त्या दिवशीचं काम झालं. पूल ओलांडायला लागली की घास फक्त पलीकडेच द्यायचा, अलीकडे बंद. गावात कुणाचा शांत, रस्त्याला सरावलेला घोडा असेल तर तो पुढे चालवा, काम निम्म्यावर येतं.

वर बसल्यावर ती थांबली तर पहिली गोष्ट, तोंड पुलाकडेच ठेवायचं. लगाम सैल, पाय शांत. तिला बघू द्या. मग एक हलकी टाच. एक पाऊल जरी पुढे टाकलं तरी त्याच क्षणी टाच सोडा आणि मानेच्या मुळाशी खाजवा. उशीर झाला तर तिला कशाची शाबासकी मिळाली ते कळत नाही. पाऊल टाकलंच नाही तर नाक किंचित एका बाजूला घेऊन तिला आडवं पाऊल टाकायला लावा. रोवलेले पाय एकदा हलले की पुढे निघणं सोपं जातं. ती डावीकडून गर्रकन वळली तर तिला उजवीकडूनच परत आणा, म्हणजे तिची गिरकी पुरी होत नाही. मागे सरकू लागली आणि मागे कॅनॉलची कड असेल, तर वाट न बघता उतरा. उतरलं म्हणजे घोडी जिंकली, असं जुने लोक म्हणतात, मला ते पटत नाही. उतरून घराकडे गेलात तर ती शिकेल हे खरं. पण उतरून तिला मोरखीने दहा पावलं पुलाकडेच चालवलीत, तिथे उभी केलीत आणि मग फिरलात, तर तिच्या हाती काही लागलं नाही आणि तुमची हाडं शाबूत राहिली.

पुढचे पाय उचललेच तर अंग पुढे झोकून द्या, दोन्ही हात मानेवर पुढे न्या, आयाळ धरा, लगाम पूर्ण सैल सोडा. जीव वाचवायला माणूस लगामालाच लटकतो, आणि तेवढ्यानेच घोडी पाठीवर उलटते. पाय खाली टेकले की क्षणभरही न थांबता तिला पुढे किंवा वर्तुळात चालती करा, कारण उभं राहण्यासाठी घोडीला आधी थांबावं लागतं. ती सरळ खांबासारखी उभी राहू लागली असेल तर मात्र माझा सल्ला एका वाक्यात: तुम्ही तिच्यावर बसू नका, अनुभवी चाबुकस्वार (घोडे शिकवणारा) बोलवा, आणि तो आल्या आल्या मारहाणीने सुरुवात करणारा असेल तर त्याला परत पाठवा.

आता उधळण्याबद्दल. हात भरून येतात, असं तुम्ही लिहिलंय. तेच कारण आहे. दोन्ही हातांनी सतत ओढलेला लगाम घोडीला टेकायला आधार देतो. ती त्याच्यावर भार टाकून आणखी जोरात पळते, आणि ताकदीच्या या खेळात माणूस कधीच जिंकत नाही. खांदे मागे, बूड खोगिरात खोल, टाचा खाली. लगाम आवळा, सोडा, पुन्हा आवळा, सोडा, तिच्या चालीच्या ठेक्यात. बाजूला मोकळं रान असेल तर मोठं वर्तुळ घ्या आणि ते हळूहळू लहान करत आणा. भरधाव घोडीचं तोंड रस्त्यावर किंवा बांधावर एकदम एका बाजूला ओढू नका, पायात पाय अडकून ती तुमच्यासकट पडते. हे सगळं ऐन वेळी सुचत नाही, म्हणून मळ्यात उभ्या घोडीवर रोज थोडा सराव करा: डाव्या लगामाने नाक रिकिबीकडे, सोडा, मग उजव्याने. चालताना दर वीस-पंचवीस पावलांवर थांबवा आणि थांबली की लगाम सैल. उभ्याने जे येत नाही ते धावताना येणार नाही.

आणि घराकडची ओढच कमी करा. परतीची सगळी वाट चालतीच्या चालीने. चाल वाढली की वर्तुळ, पुन्हा पुलाकडे चार पावलं, मग परत घराकडे. फाटक आलं तरी आत वळायचं नाही, पुढे जायचं, वस्तीला वळसा घालून यायचं. कधी आत येऊन अंगणात पाच मिनिटं दुडक्या चालीने फिरवायचं. काही दिवस घरापासून बऱ्याच लांब उतरा, तंग तिथेच सैल करा आणि पायी चालत या. आल्या आल्या चंदी नाही. पाणी आणि वैरण पुढ्यात, चंदी तासाभराने.

खेचराचं म्हणाल तर खेचर हा या दुखण्यावरचा उपाय नाही. गाढव बाप आणि घोडी आई, म्हणून घाबरलं की ते घोड्यासारखं पळण्याऐवजी बहुतेकदा थांबून राहतं. डोंगरातल्या अरुंद वाटेवर हा मोठा गुण, म्हणून तर सैन्य आजही पहाडात खेचरं बाळगतं. पण पुलाची खात्री पटली नाही तर खेचर घोडीपेक्षा जास्त वेळ उभं राहील, आणि कुणी वाईट वागवलं तर ते जन्मभर लक्षात ठेवील. वर लिहिलेलं सगळं त्यालाही तसंच करावं लागलं असतं, फक्त जास्त धीराने.

विकायचा विचार पावसाळा उतरेपर्यंत बाजूला ठेवा. तपासणी आणि दोन-तीन महिन्यांचं नेमाने केलेलं काम याच्या मध्ये कशालाही आड येऊ देऊ नका. त्यानंतरही ती उभी राहत असेल, तर विकताना घेणाऱ्याला सगळं खरं सांगून विका, कारण तिच्यावर बसणारं माणूस कुणाच्यातरी घरचं असणार आहे. मुलाला मात्र आत्ता तिच्यावर अजिबात बसू देऊ नका, अंगणातसुद्धा नाही. त्याला खरारा शिकवा, टापा साफ करायला शिकवा, तुमच्या देखत मोरखीने फिरवू द्या. पुलाची वही त्याच्याकडे द्या: कुठल्या दिवशी कुठपर्यंत गेली, कान कसे होते, किती वेळाने मान खाली आली. बारा वर्षांच्या मुलाची नजर या कामाला फार चांगली असते. तीन पायऱ्यांची तपासणी झाली की ती वही समोर ठेवून मला पुन्हा लिहा, पुढचं त्यावरून ठरवू.